हरिणखेडे सरांचं ‘समजा’

नोकरीच्या मुलाखतीत माझं कोपर दाबून बघणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता, नंतरही भेटला नाही. अमरावतीहून गोंदियाला उतरले तेव्हा फिजिओथेरपीची पदवी फाइलमध्ये होती. फुलचूरच्या अंगाला असलेल्या त्या छोट्या कुष्ठरोग हॉस्पिटलात टेबलापलीकडे एक किरकोळ बांध्याचा, पन्नाशी ओलांडलेला सर्जन बसला होता. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारून माझा हात धरला, कोपराच्या मागे आतल्या अंगाला अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नस चांगली आहे. बसा." ती फाइल त्यांनी शेवटपर्यंत उघडली नाही.

डॉ. झनकलाल हरिणखेडे यांना माणूस दिसला की आधी कोपर दिसायचं. कुष्ठरोगात कोपरामागची नस सुजते, ठणकते. हाडाच्या अरुंद खोबणीत तिचा जीव कोंडतो. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, वाकडं होतं, आणि एकदा हात असा आकसला की कुठलीही गोळी त्याला सरळ करत नाही. ती वाट मोकळी करून नसेला जागा करून द्यायची, हे सरांचं ऑपरेशन. उभं आयुष्य त्यांनी हेच केलं. म्हणून लग्नात नवरदेवाला आशीर्वाद देतानाही त्यांचा अंगठा कोपराकडे वळायचा आणि भलेभले साहेब हस्तांदोलनाला हात पुढे करून फसायचे. आमच्या रुग्णांना तर इतकी सवय झाली होती की सर दिसले की ते हात जोडत नसत, बाही वर सारून कोपर पुढे करत. आमच्याकडे रामराम असाच व्हायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं ‘समजा’. हा माणूस जन्मजात काळजीखोर. स्कूटर स्टँडवर लावली की चार पावलं जाऊन परत यायचे. समजा कलंडली. ऐन उन्हाळ्यात छत्री जवळ. समजा आभाळ आलं. सालेकशाकडच्या बसमध्ये रुग्ण बसवून दिला की तो घरी पोहोचल्याचा फोन येईपर्यंत त्यांचा चहा गळ्याखाली उतरत नसे. पाठीमागे आम्ही त्यांना ‘समजा सर’ म्हणायचो आणि त्यांना ते माहीत होतं. वॉर्डच्या लीलाबाई सिस्टर तोंडावर म्हणायच्या, "सर, तुम्ही सोताच एक बिमारी हाव." सर त्यावर गंभीरपणे मान हलवायचे.

पण ऑपरेशनच्या टेबलाशी हे ‘समजा’ बाहेर चपलांपाशी राहायचं. हातात सुरी आली की माणूस शांत. तिथे त्यांना शंका नव्हती, आणि आम्हालाही नव्हती. ती आली बुधरामच्या पायांनी.

बुधराम सडक अर्जुनीच्या हायवेवर एका ढाब्यात तंदूरला रोट्या लावायचा. दोन बोटं ढिली पडली म्हणून आला, भरती झाला, गोळ्या सुरू झाल्या, ऑपरेशनचा दिवस ठरला. त्या सकाळी पलंग रिकामा. गडी गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन पसार झाला होता. सर दिवसभर वऱ्हांड्यात येरझारा घालत होते. समजा ट्रकखाली आला. समजा गोळ्या मध्येच सोडल्या. पुढच्या दिवाळीनंतर तोच बुधराम पायातल्या काट्याची जखम दाखवायला आपणहून आला. सरांनी पाय बघायच्या आधी कोपर धरलं. मग बोटं फाकवायला लावली. मग दोन बोटांच्या बेचक्यात कागद धरायला देऊन तो ओढला. कागद सुटेना. त्यांनी पुन्हा ओढला, मग मला ओढायला लावला.

"चुकलं जी माझं," बुधराम घाबरून म्हणाला. "भेव लागला म्हून पळून गेलो. गोल्या मातर पुऱ्या खाल्ल्या."

"तुझी नाही रे चूक," सर म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

बुधरामची जखम मीच धुऊन दिली. तो गेल्यावर सर माझ्याकडे न बघता बोलू लागले. "समजा, हा पळाला नसता. मी कापलं असतं. हात असाच सुधारला असता. मग मी काय म्हणालो असतो? माझ्या ऑपरेशनने सुधारला. हो ना? आता सांगा, आजवर जे सुधारले त्यातले गोळ्यांनी किती आणि माझ्याने किती?"

मी म्हणाले, सर, एका बुधरामवरून असं काही ठरत नाही. ते म्हणाले, "तेच तर. ठरत नाही. आणि मी ठरवून बसलोय." त्या दिवसापासून ‘समजा’ ऑपरेशनच्या खोलीतही शिरलं. मला भीती वाटली होती की हात थरथरेल. तसं झालं नाही. फक्त टाके घालून झाले की ते रुग्णाच्या झाकलेल्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहायचे.

अशातून ती ट्रायल निघाली. नागपूरहून एक आकडेशास्त्राचे प्राध्यापक यायला लागले. शांत, जाड चष्म्याचे, गोंदियाच्या उकाड्यातही कोट घालणारे. त्यांनी सगळं फळ्यावर मांडलं. ज्यांची नस अलीकडेच दुखावली आहे अशा रुग्णांचे दोन गट करायचे. गोळ्या दोघांनाही. ऑपरेशन एकाच गटाला. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठीवर. चिठ्ठी नागपूरला निघणार आणि फोनवर कळणार, म्हणजे इथल्या कोणाचा हात त्यात नको. आणि दर महिन्याला हाताची ताकद व संवेदना जो मोजेल, त्याला ऑपरेशन झालंय की नाही हे कळता कामा नये. नाहीतर मन आकड्यांत घुसतं. मोजणारी मी होते.

"म्हणजे चिठ्ठी टाकून माणसाचा हात ठरवाचा?" लीलाबाई सिस्टर उसळल्या. "हाट आहे का हे?"

 बैठक संपल्यावर सरांचं एकेक सुरू झालं. समजा चिठ्ठीच्या वेळी फोनच लागला नाही. समजा पुराने रस्ता बंद झाला. समजा रोवण्याच्या दिवसांत बाया तपासणीला आल्याच नाहीत, कारण धान काही थांबत नाही. प्राध्यापक सगळं ऐकून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचे हे सगळे ‘समजा’ आपण आराखड्यातच घालू." आणि खरोखर घातले. त्यातला सर्वांत मोठा ‘समजा’ सरांनी शेवटी काढला. "समजा, नुसत्या गोळ्यांवर हात बिघडत चालला, तर? तर चिठ्ठी गेली खड्ड्यात. मी कापणार." तेही मान्य झालं. माझी मापं नागपूरच्या एका दुसऱ्या डॉक्टरांकडे जातील, घसरण दिसली तर ते सरांना फोन करतील. फोन नाही आला तर बिघडलेलं नाही, एवढंच सरांनी समजायचं. सुधारलंय का, हे विचारायचं नाही. हा नियम सरांनी स्वतःच्या हाताने लिहिला. मी त्यांच्याशी किंवा त्यांनी माझ्याशी या रुग्णांच्या हाताविषयी एक अक्षर बोलायचं नाही, हेही त्यांनीच लिहिलं.

मग संमतीचं वाक्य. रुग्णाला समजेल असं सांगायचं होतं की या दोन्हींत बरा उपाय कोणता, हे आम्हाला माहीत नाही. सर म्हणाले, हे आधी गावात म्हणून बघू. आम्ही कामठ्याला गेलो, समाजमंदिरात दहा-पंधरा माणसं जमली. सरांनी वाक्य म्हटलं. मागे भिंतीला टेकलेला एक म्हातारा म्हणाला, "डॉक्टरलेच माहीत नाई, त मंग आमी अठी काऊन बसलो?"

सगळे हसले. म्हातारा उठून खरोखरच गेला, त्याच्यामागे आणखी दोघे गेले. जीपमध्ये आमचा औषधवाला म्हणाला, "सर, थोड़ा बदल देते हैं. दोन्ही उपाय चांगले आहेत, असं म्हणू. आदमी टिकेगा." सर खिडकीबाहेर बघत होते. "चांगले आहेत हे खोटं आहे," ते म्हणाले. "एक चांगला असेल. एक फुकट असेल. आणि तो फुकटचा माझा असू शकतो." वाक्य तसंच राहिलं. कामठ्याहून पुढे कोणी आलं नाही, आणि सरांना नवी काळजी लागली की समजा कुठूनच कोणी आलं नाही.

सुरुवात करण्याआधी रंगीत तालीम घ्यायची ठरली. पूर्वी ऑपरेशन झालेले आणि न झालेले असे काही जुने रुग्ण बोलावले. सगळ्यांच्या दोन्ही कोपरांना जाड पट्टी गुंडाळली, म्हणजे व्रण आहे की नाही मला कळू नये. मी माझ्या खोलीत नायलॉनचे बारीक दोरे घेऊन बसले, ते बोटाला टेकवून स्पर्श कळतो का हे बघतात. पहिली आली एक आजी. दारातच थबकली, पट्टी सोडली, बाही वर केली आणि व्रणासकट कोपर माझ्यापुढे धरलं. "रामराम बाई." दुसरा आला, त्याने तेच केलं. तिसऱ्याला मी ओरडून थांबवलं तर तो हिरमुसला. "पट्टी बांधून कोपर कसा देऊ जी? इज्जत नाई का कराची डॉक्टरची?"

बाहेर सर ऐकत होते. ते हसायला लागले, भिंतीला धरून हसले. त्या सगळ्या काळात त्यांना तसं हसताना मी एकदाच पाहिलं. आणि हसू ओसरताच चेहरा पडला. "ही सवय मीच लावली," ते म्हणाले. "यांची मोडायची तर आधी माझी मोडावी लागेल."

त्यावर उपाय म्हणून बाजारातल्या शिंप्याकडून लांब बाह्यांचे, मागून नाडीने बांधायचे सदरे शिवून घेतले. पण खरा उपाय सरांनी स्वतःवर केला. सकाळच्या फेरीत ते दोन्ही हात पाठीमागे धरून यायला लागले. रुग्ण कोपर पुढे करायचे आणि सर नुसतं "बरं आहे ना?" म्हणून पुढे सरकायचे. दोन दिवसांत वॉर्डवर सुतकी कळा आली. बाया लीलाबाईंना विचारायला लागल्या, "डॉक्टर नाराज हाय का आमच्यावर? का चुकलं आमचं?" लीलाबाई मला येऊन म्हणाल्या, "तुमच्या त्या ट्रायलनं माह्या वॉर्डाचं घर मोडलं." 

परवानग्या आल्या. आणि पहिली रुग्ण म्हणून देवका आली.

देवका मडावी सालेकशापलीकडच्या जंगलातल्या पाड्यावरची. कडेवर मूल, पंचविशीच्या आतलं वय. तेंदूच्या हंगामात विडीसाठी पानं खुडून त्यांचे पुडे बांधायचे, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांध्यात धानाची रोवणी. गेल्या काही आठवड्यांत पुडा बांधताना पानं बोटांतून गळत होती. हात अजून वाकडा झाला नव्हता. वाचण्यासारखा होता, आणि जाण्यासारखाही. सरांनी तिला तपासताना त्यांचा अंगठा कोपरावर जेवढा वेळ थांबला, तेवढा तो आजवर थांबलेला मी बघितला नव्हता. त्यांची जुनी खात्री त्या अंगठ्यात जागी झालेली मला दिसली.

लीलाबाईंनाही दिसली. त्या हळूच म्हणाल्या, "सर, हिला आज असंच घेऊन घ्या टेबलावर. ट्रायल उद्यापासून सुरू करा. कोन पाहून राहिलं?"

सरांनी नाही म्हटलं नाही. मला धडकी भरली ती त्यामुळे. आराखडा, प्राध्यापकांच्या खेपा, कामठ्याची फजिती, सगळं एका मुलीच्या दोन बोटांवर येऊन लटकलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, घ्या तिला टेबलावर. सर वऱ्हांड्यात गेले. परत आले. "समजा," ते मला म्हणाले, "चिठ्ठीत ‘नाही’ निघालं आणि हिचा हात गेला. फोन येईपर्यंत उशीर झाला. मग? आणि समजा, आज हिला घेतलं. मग उद्याच्यालाही घेईन. परवाच्यालाही. आणि मरेपर्यंत मला कळणार नाही की मी नुसता कापत होतो की काही करत होतो."

ते देवकासमोर स्टूल ओढून बसले आणि तेच वाक्य म्हणाले, माहीत नसल्याचं. चिठ्ठीचंही सांगितलं. हात बिघडायला लागला तर ऑपरेशन करू, हेही सांगितलं. नको असेल तर नाही म्हण, तुला हवा तोच उपाय करू, हेही. देवका मुलाला थोपटत ऐकत होती.

"चिठ्ठी तुमीच काढान का जी?" तिने विचारलं.

"नाही. मला काढता येत नाही. नागपूरला निघेल."

"बरं हाय मंग. तुमी नोका काढू. तुमचा जीव लय घाबरून राहिला." ती जरा थांबली. "पुढच्या तेंदूपत्त्याच्या आधी समजन ना, हात राह्यते का जाते ते?"

"समजेल," सर म्हणाले. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा उमटवून घेतला. नागपूरला फोन लावायला सर आत गेले आणि मी नियमाप्रमाणे आवारातून बाहेर पडून रस्त्यापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे बंद होते. पुढे देवका माझ्या खोलीत आली ती नाडीच्या सदऱ्यात, दोन्ही कोपरं झाकून. तिलाही सांगितलं होतं, बाईंना सांगायचं नाही. तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तेव्हापासून एक विचित्र संसार सुरू झाला. देवकाचं ऑपरेशन झालं की नाही, हे सरांना माहीत होतं. देवकाचा हात कसा आहे, हे मला माहीत होतं. दोघं एका टेबलावर चहा प्यायचो आणि धानाच्या भावावर बोलायचो. नागपूरचा नंबर मोबाइलवर दिसला की सर कप खाली ठेवून उभे राहायचे. फोन रुग्णांच्या तारखांबद्दल असायचा, तरी पुढचा अर्धा तास त्यांचं कशात लक्ष नसे. मला वाटायचं, एकदाच सांगून टाकावं आणि या माणसाला एक रात्र झोप मिळू द्यावी. सांगितलं असतं तर त्यांनी मला कधीच माफ केलं नसतं.

तोंडाने नाही, पण चेहऱ्याने मी बोलत असणारच. एकदा मी मापं घेऊन बाहेर आले, तर सर समोरून येत होते. क्षणभर बघून म्हणाले, "डोकं दुखतंय का?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांनी खिशातून गोळी काढली, समजा कोणाचं डोकं दुखलं म्हणून ती कायम असायचीच, आणि पाणी घेऊन मी गिळेपर्यंत समोर उभे राहिले. ती मापं वाईट होती की चांगली, हे मी इथेही लिहिणार नाही. ट्रायल अजून चालू आहे आणि नागपूरला बंद ठेवलेली चिठ्ठ्यांची पाकिटं उघडायला वेळ आहे.

सर मात्र तेवढे थांबले नाहीत. तेंदूचा हंगाम तोंडावर आला तेव्हा देवका आपल्या शेवटच्या तपासणीला आली आणि त्याच आठवड्यात सर गेले. रविवारी सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसले ते बसलेच. छातीचं दुखणं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. साऱ्या जगाची काळजी करणाऱ्याने तेवढी एक करायची ठेवली होती, याचा मला अजून राग येतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आदल्या शुक्रवारी, दुपारी, जेवणघरात. त्या सकाळी मी देवकाला शेवटचं मोजलं होतं. ती मूल मांडीवर घेऊन पंगतीत जेवायला बसली होती. पुढ्यात भात आणि लाखोळीचं वरण. ज्या हाताचा प्रश्न होता, त्याच हाताने ती कालवत होती. दारात सर आले. त्यांनी तिला पाहिलं असावं, कारण ते उंबऱ्यातच थांबले. तिथून चार पावलांवर सगळ्याचं उत्तर बसलं होतं. तिचा घास हातात टिकतो की गळतो, एवढं बघायचं. कोणी अडवलं नसतं, कोणाला कळलंही नसतं.

सरांनी ताट वाढून घेतलं, माझ्यासमोर आले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. आता त्यांच्या खांद्यावरून ती मला पूर्ण दिसत होती. मी बघत होते. सर घास उचलत होते आणि परत ठेवत होते.

"बाई," ते ताटाकडे बघत म्हणाले, "माझ्या मागे बघू नका. तुमच्या तोंडावरून मला कळेल."

मीही मान खाली घातली. आम्ही दोघं तसेच जेवलो, न बोलता, आणि मागे देवका पोराला भरवता भरवता काहीतरी सांगत होती. जेवण झाल्यावर सरांनी आपलं ताट धुतलं आणि ते स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने गेले. पुढच्या दाराने गेले असते, तर तिच्यासमोरून जावं लागलं असतं.